बिडी-सिगारेट सोडली, पण तलफ पुन्हा पुन्हा येते: पहिल्या सहा आठवड्यांत नेमकं कुठे बिघडतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "तलफ आवरत नाही." चार दिवस नीट गेले, पाचव्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात चहाबरोबर एक ओढली आणि संध्याकाळी पाकीट खिशात आलं. किंवा तीन आठवडे काहीच झालं नाही आणि भाच्याच्या लग्नाच्या वरातीत घसरण झाली. तक्रार एकच असली तरी बिघाड एकच नसतो. एका तलफेचा उपाय दुसऱ्या तलफेवर लावला की तो लागू पडत नाही, मग माणूस स्वतःलाच बोल लावतो की आपल्यात जिद्द नाही. जिद्द कमी पडल्याची उदाहरणं थोडी. बहुतेकांचा निकोटीन गम (सिगारेटऐवजी थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारा, चघळायचा गम) कमी पडलेला असतो, नाहीतर चहाची जागा तीच राहिलेली असते.

आधी ओळखा: तलफ रक्तातली की जागेची

रक्तातल्या निकोटीनची पातळी साधारण दर दोन तासांनी निम्मी होते. ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन धरणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्या रिकाम्या पडल्या की अस्वस्थपणा, चिडचिड, हाताला चाळा, कामात लक्ष न लागणं आणि खा-खा सुरू होते. ही रक्तातली तलफ. शेवटची सिगारेट विझवल्यावर काही तासांत ती चालू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. ती हळूहळू चढते, घरात पडून राहिलं तरी येते, आणि सकाळी सगळ्यात जड असते, कारण रात्रभरात निकोटीन तळाला गेलेलं असतं.

जागेची तलफ अचानक येते. चहाचा ग्लास हातात आला, जेवण होऊन हात धुतला, गाडी स्टँडवर लावली, फोनवर कटकट झाली, वडाप सुटायला वेळ आहे असं कळलं, की आलीच. तिची ताकद मोठी, पण आयुष्य तीन ते पाच मिनिटांचं. जागा सोडली किंवा हात कशात गुंतला की विरते. मात्र ती महिनोनमहिने मधूनच डोकं वर काढते. सहाव्या आठवड्यात आली म्हणजे उपाय फसला असं नाही. त्या जागेवर तुम्ही सिगारेट सोडल्यानंतर पहिल्यांदाच आला आहात, एवढाच त्याचा अर्थ.

तीन दिवस प्रत्येक तलफेची नोंद ठेवा. वही नको असेल तर फोनमध्ये लिहा, पण तीनच गोष्टी: किती वाजले, कुठे उभा होतो, शेवटचा गम कधी घेतला होता (गम घेत नसाल तर शेवटचं खाणं आणि झोप). "११.१०, यार्डातली टपरी, गम ८ वाजता." एवढं पुरे. तीन दिवसांनी वाचलं की जागा आपोआप दिसते. गमाला दोन तासांहून जास्त झाले असताना येणाऱ्या तलफा रक्तातल्या. एकाच जागी किंवा एकाच वेळी येणाऱ्या दुसऱ्या जातीच्या. दोन्ही एकदम आल्या तर ती सगळ्यात धोक्याची वेळ, आणि बहुतेक जण नेमके तिथेच पडतात.

"निकोटीन गम घेतला, काही उपयोग झाला नाही"

इथे आम्ही जरा जास्त थांबणार आहोत, कारण दहापैकी सात-आठ वेळा चूक इथेच सापडावी अशी असते.

पहिली चूक चावण्याची. हा गम साध्या च्युइंगमसारखा चावायचा नसतो. तोंडात टाका आणि अगदी सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरमिरल्यासारखं किंवा तिखट लागलं की थांबा. गम गाल आणि हिरडी यांच्या मधे सरकवून ठेवा. मिनिटभराने मिरमिर गेली की पुन्हा चार-पाच वेळा चावा आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या पातळ कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलं की ते लाळेतून पोटात जातं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं मोडतं, आणि मेंदूला मिळायचं ते मिळत नाही. वर उचक्या, छातीत जळजळ, मळमळ. "मला गम सोसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं बिनसलेलं असतं ते चावण्यात.

दुसरी चूक चहाची. तोंडात आंबटपणा असेल तर निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोकम, ताक, थंड पेयं यातलं काहीही गमाच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत नको. आपल्याकडे गम काढला जातो तो नेमका चहाबरोबर, कारण सिगारेट चहाबरोबर होती. त्यामुळे चहाही जातो आणि गमही वाया जातो. पाणी चालतं, पण गम तोंडात असताना तेही घोटभरच.

तिसरी चूक मात्रेची. एका सिगारेटमधून साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन अंगात जातं. २ मिलिग्रॅमचा गम नीट चघळला तर १ च्या आसपास मिळतं. म्हणजे रोज दहा-बारा ओढणाऱ्याने दिवसात दोन गम खाऊन "भागत नाही" म्हणणं हे हिशेबातच बसत नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासाला एक गम, घड्याळ बघून. तलफ येण्याची वाट बघायची नाही. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमाला वीस-तीस मिनिटं लागतात. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर काय होणार? अकरा वाजता यार्डात सौद्याची गडबड संपून चहा होतो हे माहीत असेल, तर गम सव्वादहाला तोंडात हवा आणि पावणेअकराला थुंकलेला हवा. दिवसाला २४ पेक्षा जास्त गम घ्यायचे नाहीत, तेवढे सहसा लागतही नाहीत.

२ चा घ्यायचा की ४ चा, हे दिवसाच्या आकड्यावरून ठरवू नका. सकाळी उठल्यापासून पहिली कधी पेटते यावरून ठरवा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर २ मिलिग्रॅम कमी पडण्याची शक्यता मोठी. २ चा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ च्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बिडी ओढणाऱ्यांनी तर आकड्याकडे बघूच नये. बिडीत तंबाखू चिमूटभर दिसते म्हणून ती हलकी असा समज आहे, पण तेंदूचं पान हवा आत येऊ देत नाही आणि विझू नये म्हणून झुरका वारंवार व जोरात घ्यावा लागतो. निकोटीनच्या बाबतीत बिडी सिगारेटच्या मागे नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर तर जास्तच देते.

गम दिवसभर चालू ठेवूनही सकाळ जड जात असेल तर डॉक्टरांना पॅचबद्दल (कातडीतून निकोटीन देणारी चिकटपट्टी) विचारा. पॅच दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावायचा, दहा सेकंद तळव्याने दाबून धरायचा आणि रोज जागा बदलायची. मार्च ते मेच्या सांगलीच्या उन्हात घामाने कडा सुटतात, तेव्हा आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच लावा आणि त्या जागी तेल-पावडर काही नको. रात्री विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा. पॅचने पातळी दिवसभर सावरलेली राहते आणि अवघड वेळेपुरता गम वापरायचा. ही जोडी एकट्या गमापेक्षा चांगली चालते. गरोदर असाल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा छातीचे ठोके अनियमित असतील, तर गमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

"सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही"

हे लोक संकोचाने सांगतात, आणि याच एका कारणासाठी पुन्हा सुरू करतात. संकोचाचं काही नाही. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते आणि वर्षानुवर्षं त्याच टोचणीवर आतडं चालायला शिकलेलं असतं. ती टोचणी गेली की पहिले दोन-तीन आठवडे ते सुस्त राहतं.

रात्री जेवणानंतर तासाभराने दोन चहाचे चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, फुगायला ठेवू नका, आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट आत गच्च बसतो, "इसबगोलाने त्रास वाढला" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. दुसरी औषधं चालू असतील तर त्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, मग घरातल्या घरात किंवा अंगणात दहा मिनिटं फेऱ्या, मग ठरल्या वेळी जाऊन बसायचं. झालं नाही तरी दहा मिनिटांनी उठायचं, कुंथत बसायचं नाही. नाश्त्यानंतर पुन्हा एकदा जाऊन बघा, खाण्याने आतडं हलतं आणि ही दुसरी खेप बऱ्याच जणांना लागू पडते. दिवसात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, एक पेरू किंवा पपईच्या दोन फोडी. सोनामुखीची चूर्णं रोजची लावून घेऊ नका, नाहीतर एका टोचणीच्या जागी दुसरी आली.

आणि एक बारीक गोष्ट. संडासाच्या खिडकीत ठेवलेली काडेपेटी आणि कोपऱ्यातला थोटकांचा डबा आजच उचला. आठवडाभर बिडी न ओढलेल्या माणसाचा हात अर्धवट झोपेत त्या खिडकीकडे जातो, आणि तिथे काही नसलं की परत येतो.

चहाची वेळ

चहाचा प्रश्न दुहेरी आहे. एक तर चहा ही सवयीची जागा. दुसरं कमी लोकांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत चहातलं कॅफीन नेहमीपेक्षा वेगाने मोडतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच हा वेग मंदावतो, आणि तेवढ्याच चहाने रक्तात आधीपेक्षा बरंच जास्त कॅफीन राहतं. मग छातीत धडधड, हात थरथर, चिडचिड, रात्री झोप नाही. माणूस समजतो सिगारेट सोडल्याचा त्रास, आणि उपाय म्हणून सिगारेट पेटवतो. खरं म्हणजे चहा निम्मा करायचा होता. रोज सहा कटिंग असतील तर तीन, आणि दुपारी चारनंतर एकही नाही. एकदम बंद करू नका, त्याने डोकं दुखतं.

जागेच्या तलफेसाठी चहा सोडायची गरज नाही, मोडायची. चार आठवडे टपरीवर उभं राहून चहा नको. गाळ्यावर, दुकानात मागवा आणि बसून प्या. कपात पीत होतात तर पेल्यात प्या, उजव्या हातात धरत होतात तर डाव्यात धरा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण सवय हाताच्या हालचालीत बसलेली असते आणि हालचाल बदलली की ती अडखळते. चहा संपल्या संपल्या चूळ भरा. तोंडातली चहाची चव हीच पुढच्या सिगारेटची घंटा असते.

टपरीवाल्याशी मात्र समोरासमोर बोलायला हवं. तुम्ही गाडीची किल्ली काढायच्या आत त्याचा हात तुमच्या पाकिटाकडे गेलेला असतो. तो एक सुट्टी काढून डब्यावर ठेवतो, लायटर तिच्याशेजारी, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, पण डब्यावर ठेवलेल्या त्या एका सिगारेटला नको म्हणणं हे पाकीट न घेण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. म्हणून गर्दी नसताना जा, जुनी उधारी चुकती करा, वहीतलं खातं बंद करायला लावा आणि सांगा, "भाऊ, सोडलीय. मी मागितली तरी देऊ नका." उधारीचं खातं चालू असेपर्यंत खिशात पैसे नसणं हा अडसरसुद्धा राहत नाही.

तलफ आलीच तर त्या पाच मिनिटांत

घड्याळ बघा. आता किती वाजले ते मनात म्हणा आणि त्यापुढची पाच मिनिटं निघायची आहेत एवढंच ठरवा. जन्मभराचा निर्णय त्या क्षणी घेऊ नका, तो पेलत नाही.

जागा सोडा. पन्नास पावलं तरी. जोरात चालता आलं तर उत्तम, पाच-दहा मिनिटांच्या भरभर चालण्याने तलफ उतरते हे वारंवार दिसून आलेलं आहे. विश्रामबागेत असाल तर एक गल्ली फिरून या, घरी असाल तर जिना दोनदा चढा-उतरा. चालणं शक्य नसेल तर श्वास: चार मोजत नाकाने आत, सहा मोजत तोंडाने सावकाश बाहेर, दहा वेळा. सिगारेटने "डोकं शांत होतं" असं जे वाटतं त्यातला एक वाटा त्या लांब श्वासाचाच होता.

तोंडात काय टाकायचं यावर लोक उगाच गोंधळतात. चघळायला वेळ लागेल असं काहीही: बडीशेप, धनाडाळ, दालचिनीचा तुकडा, लवंग, मूठभर फुटाणे. तासगावच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या घरात बेदाणे असतातच. पाच-सात बेदाणे एकेक करून चघळायचे, मूठ भरून नाही. भडंग पिशवीतून खाऊ नका. बशीत काढून घ्या, नाहीतर तलफेगणिक पिशवी संपते आणि महिन्याने वजन काट्यावर दिसतं. सिगारेट सोडल्यावर पहिल्या महिन्यात सरासरी किलोभर वजन वाढतंच, त्याला घाबरून परत ओढण्यात काही राम नाही. मधुमेह असेल तर बेदाणे आणि खडीसाखर सोडून बाकीचं, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, कारण सिगारेट सुटली की इन्शुलिनचा परिणाम बदलू शकतो.

काय टाकायचं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. मावा, गुटखा, तंबाखूचा बार, मशेरी, यातलं काहीही सिगारेटला पर्याय नाही. बिडी सोडून बार भरायला लागणारे बरेच असतात. निकोटीन तेच चालू राहतं, फक्त धोका फुप्फुसातून तोंडात येतो. नुसती सुपारीही नको, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा "सोडायला मदत होते" म्हणून कुणी आणून दिली तरी हात लावू नका.

जेवणानंतर, रात्रपाळीत, मंडळींत

जेवणानंतरची तलफ ताटावर बसून राहिल्याने वाढते. शेवटचा घास संपला की उठायचं, हात धुवायचा, लगेच दात घासायचे आणि शतपावलीला निघायचं. पेस्टची चव आल्यावर सिगारेट बेचव लागते. मटणाच्या जेवणानंतर, यात्रेत, पंगतीनंतर ही तलफ दुप्पट होते, तिथे दात घासायची सोय नसते, म्हणून खिशात लवंग ठेवा.

कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: पहाटे तीनला आवरत नाही. त्या वेळी येते ती बऱ्याचदा तलफ नसतेच, झोप आणि भूक असते, आणि सिगारेटने ती ढकलायची सवय लागलेली असते. रात्री दोनला भाकरी-भाजीचं थोडं खाणं ठेवा, नुसत्या चहावर रात्र काढू नका. मशीन थांबवता येईल तेव्हा तोंडावर गार पाणी मारा आणि शेडच्या लांबीची एक फेरी घाला. गमाचं वेळापत्रक घड्याळाच्या दिवसावर लावायचं नाही. तुम्ही संध्याकाळी पाचला उठत असाल तर तुमची सकाळ ती, पहिला गम तेव्हा.

दारूबद्दल सरळ सांगायचं तर पहिले चार आठवडे नको. दोन पेगनंतर नको म्हणणारा माणूस टेबलावर उरलेला नसतो. लग्न-बारशाला जायलाच लागलं तर जेवून निघा, मागच्या अंगणातल्या घोळक्यात थांबू नका.

मंडळी आग्रह करतात ते दुष्टपणाने नाही. "घे रे एक, काय होतंय" याला उत्तर दोन शब्दांचं ठेवा: "अण्णा, नको. सोडलीय." "सोडतोय", "कमी केलीय", "बघू" यातल्या प्रत्येकात पुढच्या आग्रहाला जागा आहे. कारणं सांगत बसू नका, कारणावर वाद घालता येतो. घरच्यांना मात्र आधीच कल्पना द्या की दहा-बारा दिवस चिडचिड होईल. घरच्यांनीही शर्टाचा वास घेऊन "ओढलीस का?" असं रोज विचारू नये. ओढली नसताना हा प्रश्न ऐकणं फार लागतं, आणि मग "नाहीतरी विश्वास नाहीच" म्हणून माणूस खाली उतरून टपरी गाठतो.

ज्या त्रासाला लोक तलफ समजतात, पण ती नसते

खोकला वाढतो. फुप्फुसाच्या नळ्यांतले झाडूसारखे बारीक केस धुराने थकलेले असतात, ते पुन्हा चालू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. कोमट पाणी, वाफ आणि काही आठवडे धीर. पण कफात रक्त दिसलं, किंवा दोन आठवड्यांनंतरही खोकला तसाच असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर "सिगारेट सोडल्याचा खोकला" म्हणून घरी बसू नका. सरकारी रुग्णालयात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या.

तोंड येतं, हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत नेहमीचं. तूप लावा, तिखट कमी करा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा दंतवैद्याला दाखवायचाच.

पहिल्या दोन-चार दिवसांत डोकं हलकं होणं, जरा गरगरणं, थोड्या वेळासाठी असेल तर घाबरण्यासारखं नाही. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर तो तलफेचा प्रकार नव्हे. १०८ ला फोन करा.

दम्याच्या, श्वासाच्या त्रासासाठी डेरिफायलिनसारखी थिओफायलिनची औषधं चालू असलेल्यांनी सिगारेट सोडत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. कॅफीनसारखंच हे औषधही धूर बंद झाल्यावर अंगात जास्त राहतं, तोच डोस जड होऊ शकतो आणि मळमळ, धडधड सुरू होते. काही मानसिक आजारांवरच्या औषधांचं (ओलान्झापिन, क्लोझापिन) असंच आहे. डोस स्वतः कमी करू नका, विचारा.

मन उदास होणं दोन आठवड्यांच्या पुढे लांबलं, झोप-जेवण उडालं, जीव नकोसा वाटू लागला, तर हे एकट्याने सोसायचं दुखणं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहे.

एक ओढली गेली. आता?

पहिला तास महत्त्वाचा. उरलेलं पाकीट पाण्याखाली धरून भिजवा आणि मग टाका, कोरडं टाकलेलं पाकीट कचऱ्यातून परत येतं. "हे संपवतो आणि पाडव्यापासून सोडतो" हा विचार येईल, यायचाच. पाडवा, एकादशी, महिन्याची एक तारीख यातलं काही लागत नाही, पुढचा तास लागतो. गम किंवा पॅच चालू असेल तर तो बंद करू नका. एक सिगारेट झाली म्हणून औषध सोडणारे दुसऱ्याच दिवशी पूर्ण पाकिटावर जातात. मग वहीत तीच तीन उत्तरं लिहा: वेळ, जागा, शेवटचा गम. कुठलं भोक बुजवायचं राहिलं ते तिथेच सापडेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाली असेल तर बहुधा "आता एकाने काय होतंय, आपल्या हातात आहे" या भरवशावर झाली असेल. मेंदूतल्या त्या वाढलेल्या जागा पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर एक सिगारेट ही एक राहत नाही.

दोन-तीनदा असं झालं असेल तर नुसत्या गमावर पुन्हा तोच प्रयत्न करण्यात अर्थ नाही. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही निकोटीन नसलेली औषधं डॉक्टर देतात. ती सोडण्याच्या दिवसाच्या आधी एक-दोन आठवडे सुरू करायची असतात, आणि फिट येण्याचा आजार असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करताना "तंबाखूमुक्ती समुपदेशन" असं नेमकं विचारा. नुसतं "सिगारेट सोडायचीय" म्हटलं की वेगवेगळ्या खिडक्या फिरायला लागतात. घरबसल्या बोलायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याच्या चित्राशेजारी छापलेला असतो.

गम कधी आणि कसा उतरवायचा

लवकर थांबवणं ही इतकी सार्वत्रिक चूक आहे की ती वेगळी सांगायला हवी. दहा दिवस बरं गेलं की लोक गम बंद करतात, कारण "तीही सवयच". गमातून निकोटीन हळू चढतं, त्यात धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. बारा आठवडे घ्या. सातव्या आठवड्यापासून दोन-चार तासांनी एक, दहाव्यापासून चार-आठ तासांनी एक. कमी करताना आधी सगळ्यात सोपी वेळ सोडा, सकाळचा आणि जेवणानंतरचा शेवटी. एक गम कमी केला की चार-पाच दिवस तिथेच थांबा, त्या वेळेला बडीशेप ठेवा, आणि मग पुढचा. एखाद्या पायरीवर चिडचिड परत आली तर एक पायरी मागे जायचं, त्यात कमीपणा नाही.

सगळे सुटल्यावरही एक स्ट्रिप पैशाच्या पाकिटात राहू द्या. वरची मुदत बघून ठेवा, आणि मुदत संपली की नवी घ्या.